मोहोळला उतरलेली मुलगी

अक्का टॉवेल तपासताना डोळे मिटून घेत. डावा हात टॉवेलच्या खाली, उजवा वर, आणि मधून कापड सरकत जायचं. मध्येच हात थांबायचा. "हितं गेलाय बघ एक," म्हणत त्या खडूनं फुली मारायच्या. मी डोळे फाडून वाकून बघितलं तरी तुटलेला धागा सापडायला मला वेळ लागायचा.

बाहेरगावचे व्यापारी आले की मालक त्यांना मुद्दाम अक्कांच्या टेबलापाशी आणत. व्यापारी तोंडात बोटं घालायचे. अक्का डोळे न उघडता म्हणत, "मी काय सर्कशीतली हाय का? चहा पाजा त्यांना आणि जाऊ द्या."

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर बसायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. होटगीहून रोज ये-जा करायचे. अक्का तेव्हा साठीकडे झुकलेल्या. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, टेम्पोवाल्यांशी दखनी, अशा दिवसभर भाषा बदलत राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा हैदराबादला. जेवणाच्या सुट्टीत आपल्या डब्यातली अर्धी भाजी न विचारता माझ्या डब्यात ओतायच्या आणि वर म्हणायच्या, "खा की. वाऱ्यानं उडून जाशील एखाद दिवशी."

त्यांच्या मोबाईलमध्ये एकाच गायिकेची गाणी होती. पुण्याच्या, शास्त्रीय गाणाऱ्या. तुमच्यापैकी अनेकांनी त्यांना ऐकलं असेल, म्हणून नाव घेत नाही. अक्का त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. चुकून दुसऱ्या कुणाचं गाणं लागलं तर दोन ओळी ऐकून अक्का निकाल द्यायच्या, "हिला कुटंतरी जायची घाई हाय," आणि ते बंद करायच्या.

बाई सोलापूरला गायला येणार असल्या की अक्का अर्ध्या दिवसाची रजा टाकत. इरकल साडी नेसत. दुसऱ्या दिवशी मी विचारायची, "कसं झालं गाणं?"

"लई छान."

एवढंच. काय गायल्या, कुणी साथ केली, काही नाही. एकदा मीच हट्टानं बरोबर गेले. हातात पुढच्या रांगेचे पास होते. नाट्यगृहाच्या फाटकाशी अक्का थांबल्या.

"तू जा आत. मी हितनं ऐकते."

"अक्का, पास आहेत की!"

"बाहेरूनबी ऐकू येतंय."

बाहेरून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. मधूनच कुणी दार उघडलं की एखादी तान बाहेर यायची आणि दार मिटलं की तुटायची. मीही आत गेले नाही. आम्ही दोघी फाटकापाशी दीड तास उभ्या होतो. टाळ्या वाजल्या तशा अक्का वळल्या आणि भराभरा चालायला लागल्या, जणू कुणी आतून बाहेर येऊन त्यांना पकडणार होतं. मी कारण विचारलं. "पाय दुखालेत," त्या म्हणाल्या.

मग लॉकडाऊन आला. कारखाना बंद पडला, पुढे अर्धा सुरू झाला. त्या दिवसांत पुण्याच्या एका संस्थेनं कार्यक्रम ठेवला होता. आवडत्या कलाकाराशी ऑनलाइन भेट, प्रत्येकाला दोन मिनिटं. नावं नोंदवायची आणि चिठ्ठ्या निघायच्या. मी अक्कांना न विचारता त्यांचं नाव घातलं. चिठ्ठी निघाली.

मला वाटलं, अक्का रागावतील. त्यांनी हातातल्या टॉवेलाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग विचारू लागल्या.

"त्या कुटं असणार?"

"पुण्याला, त्यांच्या घरी."

"आणि मी हितं?"

"हो, तुम्ही इथंच. ऑफिसात बसायचं."

"मला उठून जावंसं वाटलं तर?"

"लाल बटण दाबायचं. संपलं."

"मग चालतंय," अक्का म्हणाल्या.

एरवी मी ऐकते की पडद्यावरची भेट ती काय भेट. माणूस समोर हवा, त्याचा हात हातात हवा. असेलही. पण अक्का ज्या फाटकातून कधी आत जाऊ शकल्या नव्हत्या, त्याच्या आत त्या फक्त पडद्यामुळे जाणार होत्या. मधे पुणे-सोलापूर अंतर होतं, म्हणून.

पुढचे आठ दिवस त्या टेबलापाशी ओठ हलवत असायच्या. मी जवळ गेले की गप्प.

त्या दुपारी मी ऑफिसात माझा मोबाईल पाण्याच्या स्टीलच्या जगला टेकवून ठेवला. अक्कांना खुर्चीत बसवलं आणि बाजूला उभी राहिले. आमच्या आधी नाशिकच्या एक काकू होत्या, त्यांनी गाऊन दाखवलं. मग एका मुलीचा आवाज आला, "आता सोलापूर." आणि पडद्यावर बाई आल्या. पांढरे केस, मोठा चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट. थेट अक्कांकडे बघत होत्या.

अक्कांनी हात जोडले आणि बोलायला सुरुवात केली. त्या काय बोलल्या ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"बाई, मी सोलापूरची. तुमी पयल्यांदा हितं आलात तवा तानपुऱ्याला कोण नव्हतं म्हणून क्लासातली एक पोरगी बसवली होती. ती मी. सकाळी तुमी मला गायला लावलं आणि म्हणालात, पुण्याला ये, माझ्या घरी राहा, मी शिकवते. नान्ना, म्हंजे माझे वडील, मागावर कामाला होते. सगळे नको म्हणत होते, ते एकटे जा म्हणाले. त्यांनी मला एष्टीत बसवलं, कंडक्टरला सांगितलं, पोरीला स्वारगेटला उतरव. मी मोहोळलाच उतरले. तितं माझी मैत्रीण दिली होती. दोन दिवस तिच्याकडं राहिले आणि घरी आले. नान्नांना सांगितलं, बाईंनी गायला लावलं आणि म्हणाल्या, तुझ्यात आवाज न्हाई, परत जा. नान्ना त्या दिवशी जेवले न्हाईत. मग त्यांनी एकाकडून तुमाला पत्र लिहून घेतलं. लई वाईट लिहिलं. तुमी माझ्या पोरीला दारातून हाकललं, असं. तुमी तसं कायबी केलं नव्हतं. मी तुमच्या दारापर्यंत आलेच न्हाई. नान्ना गेले, त्यांनाबी मी खरं सांगितलं न्हाई. मला माफ करा."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पडद्यावर बाई हलकेच मान डोलवत होत्या. अक्का थांबल्यावर त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "फार बरं वाटलं. आनंदात राहा. सोलापूरला माझा नमस्कार."

तेव्हा माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. माइकच्या चित्रावर लाल रेघ होती. आपली पाळी येईपर्यंत आवाज बंद ठेवा असं सांगितलं होतं, म्हणून मी तो बंद केला होता. पुन्हा चालू करायचा राहिला होता.

मी हात पुढे केला आणि तेवढ्यात बाई गेल्या. त्यांच्या जागी कोल्हापूरचे एक गृहस्थ आले.

अक्का माझ्याकडे वळल्या. त्यांचा तसा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. कुणीतरी अंगावरचं ओझं उतरवून घेतल्यासारखा.

"ऐकलं गं त्यांनी," त्या म्हणाल्या. "ऐकलं ना?"

"हो अक्का," मी म्हणाले. "ऐकलं."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, हे मी खूप जणांना मनातल्या मनात विचारलंय.

त्यानंतरच्या अक्का वेगळ्याच होत्या. टेबलापाशी हसायच्या. मुलींना चिडवायच्या. वडिलांचा फोटो ट्रंकेतून काढून त्यांनी भिंतीवर लावला, हे मला त्यांच्या घरी गेले तेव्हा दिसलं. "इतके दिवस का नव्हता लावला?" मी विचारलं. "आता लावलाय की," त्या म्हणाल्या. मी रोज ठरवायची, आज सांगू. रोज त्यांना हसताना बघायची आणि गप्प बसायची. पुढे पुढे मला वाटायला लागलं, सांगायची गरजच काय? कुणाचं काय बिघडतंय?

दोन वर्षांनी बाई पुन्हा सोलापूरला आल्या. रविवारची सकाळची मैफल होती. बोर्ड बघून अक्का स्वतः माझ्याकडे आल्या. "दोन पास मागव. आणि झाल्यावर भेटायचंय. आता भेटायला काय हरकत हाय?"

मी म्हणाले, गर्दी असते, बाई थकलेल्या असतात, कशाला. अक्कांनी ऐकलं नाही.

त्या दिवशी त्या फाटकातून सरळ आत गेल्या. तिसऱ्या रांगेत बसल्या. बाईंचा आवाज आता जरा कापत होता, पण अक्का पूर्ण वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. मैफल संपली. रंगमंचामागच्या खोलीबाहेर रांग लागली. पुढे सेल्फी घेणारी मुलं, मागे क्लासच्या बाया, एक कार्यकर्ता "चला, चला, पुढं चला" करत होता. बाई खुर्चीत बसल्या होत्या, नात बाजूला उभी होती. खोलीत मोगऱ्याचा आणि घामाचा वास होता. पडद्यावर त्या मोठ्या दिसल्या होत्या. प्रत्यक्षात एवढ्याशा होत्या, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले.

अक्का वाकल्या, पायांना हात लावला. बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना वर उठवलं, चेहऱ्याकडे बघितलं आणि हात सोडलाच नाही.

"तुम्ही सोलापूरच्या त्या," बाई म्हणाल्या. "ऑनलाइन भेटलेल्या. हो ना?"

अक्कांनी मान हलवली.

"अहो, काय घाबरले होते मी त्या दिवशी! तुम्ही बोलत होता, रडत होता, आणि मला एक अक्षर ऐकू येईना. मला वाटलं, गेले माझे कान! सांगायचीही लाज वाटली, म्हणून नुसती मान डोलवत बसले. मग ही म्हणाली, आजी, त्यांचा माइक बंद होता." त्या नातीकडे बघून हसल्या. "किती दिवस मनात होतं, ती बाई काय सांगत असेल. आता सांगा बघू. काय म्हणत होतात?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा.

मागून कार्यकर्ता म्हणाला, "मावशी, आटपा. रांग मोठी आहे."

"काय न्हाई बाई," अक्का म्हणाल्या. "तुमचं गाणं आवडतं. तेवढंच."

"एवढंच? एवढं बोलत होतात की!" बाईंनी त्यांच्या गालाला हात लावला. मग मागचा माणूस पुढे आला.

रिक्षात अक्का रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. घराच्या गल्लीशी आल्यावर म्हणाल्या, "तुला म्हाईत होतं?"

"हो."

"कवापासनं?"

"त्याच दिवसापासून. अक्का, मला..."

"राहू दे." त्या उतरल्या. दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. "मी नान्नांना जे केलं तेच तू मला केलंस. मी तुला काय बोलणार?" मग म्हणाल्या, "तू सगळं ऐकलंयस ना? मग तू कळव त्यांना. माझ्याच्यानं आता दुसऱ्यांदा होणार न्हाई."

"कळवते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी अर्धी भाजी माझ्या डब्यात ओतली. हात मात्र टेबलावर रेंगाळायला लागले. तुटलेले धागे सुटून जायला लागले. ते आम्ही मुली मागाहून गुपचूप शोधून काढायचो आणि मालकांना कळू द्यायचो नाही.

मी पत्र लिहायला बसायची. 'आदरणीय बाई' लिहायची आणि पुढे सुचायचं नाही. माझ्या शब्दांत लिहिलं की ते खोटं वाटायचं. पुढच्या रविवारी लिहू, असं करत करत पावसाळा गेला, दिवाळी गेली. अक्कांनी एकदाही विचारलं नाही. हिवाळ्यात त्यांना ताप आला, तो छातीत उतरला. मुलगा हैदराबादहून आला. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं, पण बोलण्याइतका दम नव्हता. माझ्या हाताकडे, बोटांकडे बघत होत्या. कदाचित नसतीलही बघत. मला तसं वाटलं. दोन दिवसांनी त्या गेल्या.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. एका बैठकीत. माझे शब्द टाकून दिले आणि त्या दुपारी अक्का जे बोलल्या तेच, तसंच उतरवलं. "बाई, मी सोलापूरची," इथपासून "मला माफ करा" इथपर्यंत. खाली त्यांचं नाव, आणि त्याखाली माझा मोबाईल नंबर. त्या गेल्या, हे लिहिलं नाही. अक्कांच्या बोलण्यात ते नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली.

महिन्याभरानं दुपारी फोन आला.

"पत्रात नंबर होता," बाईंचा आवाज होता. "आवाज तरुण वाटतोय तुमचा. तुम्ही त्यांच्या कोण?"

"कामाच्या ठिकाणी एकत्र होतो."

"असं. मग तुम्हालाच आधी सांगते. त्यांचं पत्र वाचून मला चार दिवस झोप नाही. ती मुलगी मला आठवते. तिच्यासाठी मी खाट आणून ठेवली होती. ती यायची त्या दोन दिवसांत मला अचानक मुंबईला जावं लागलं. घरी माझी धाकटी बहीण होती. तीही गायची. माझ्याकडे मुली आलेल्या तिला खपत नसत. मग ते वडिलांचं पत्र आलं. मी काय समजणार? मी समजले, बहिणीनंच माझ्या नावानं त्या पोरीला गायला लावलं आणि हाकललं." बाई थांबल्या. "ती शपथा घेत होती. ताई, कुणी आलंच नाही गं. मी मानलं नाही. ती घर सोडून गेली. नंतर आम्ही बोललो नाही."

"त्या आता..."

"नाही. तीन वर्षं झाली."

मागे मशिनं चालू होती, मी अंगणात आले.

"हे त्यांना सांगू नका," बाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या जिवाला कशाला? त्यांना म्हणावं, माझ्या मनात काही नाही. अठरा वर्षांची पोर होती. भ्याली असेल. एवढंच सांगा. सांगाल ना?"

'सांगते' एवढंच म्हणायचं होतं. किती सोपं होतं. शब्द तोंडापर्यंत आला होता.

"बाई," मी म्हणाले, "त्या नाहीत. पत्र लिहिलं त्याच्या आधीच गेल्या. लिहिलं मी. शब्द त्यांचे आहेत." आणि मग मी बंद माइकचंही सांगितलं, माझ्या खोट्याचंही.

मला वाटलं, आता फोन ठेवतील.

"म्हणजे हे माहीत असलेल्या आता आपण दोघीच," त्या म्हणाल्या.

त्यानंतर बाई अधूनमधून फोन करतात. इतकी माणसं त्यांना भेटायला धडपडतात, त्यांच्याबरोबर फोटो काढायला तासन् तास उभी राहतात, आणि त्या मला एका टॉवेल तपासणाऱ्या बाईबद्दल विचारतात. दिसायला कशा होत्या? चिडायच्या का? नातवंडं आहेत का? मी आठवेल ते सांगते. सांगताना कळतं, मला फार थोडं माहीत आहे. मोहोळला त्या का उतरल्या, हे बाईंनी तीन वेळा विचारलं. मला माहीत नाही. त्या दोन मिनिटांत ते नव्हतं.

परवा मी बाईंना म्हणाले, "मी अक्कांना कधी गाताना ऐकलं नाही. एकदाही."

"मी ऐकलंय," बाई म्हणाल्या. "त्या सकाळी. एकच ओळ गायली होती. खालच्या सुरात घाबरायची आणि वर गेली की मोकळी व्हायची. उलटं असतं गं लोकांचं. म्हणून तर लक्षात राहिली."

मग त्या खोकल्या, घसा साफ केला, आणि अक्का कशा गायल्या होत्या ते मला गाऊन दाखवलं. कापणारा, ऐंशीच्या पुढचा आवाज. खाली तो दबकत, चाचपडत चालला होता. मी कारखान्याच्या अंगणात फोन कानाशी घट्ट धरून उभी होते. मग तो वर गेला, आणि क्षणभर त्यात म्हातारपण नव्हतं, बाईही नव्हत्या. त्या सकाळी तानपुऱ्यापाशी बसलेली अठरा वर्षांची मुलगी मला, मी तिला कधीही पाहिलेलं नसताना, अगदी जवळून ऐकू येत होती.